व्हायोलिनची निगा आणि सरगमचा रियाज : खानदेशातील प्रौढ नवशिक्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत वयाची पस्तिशी-चाळिशी उलटल्यावर, काही जण तर निवृत्तीनंतर, व्हायोलिन हाती घेतात. त्यांच्याकडून येणाऱ्या प्रश्नांपैकी निम्म्याहून अधिक प्रश्नांची सुरुवात ‘माझे बोट चुकते’ अशी असते आणि शेवट सटकलेल्या खुंटीपाशी, वाकलेल्या घोडीपाशी (तारा जिच्यावर टेकतात ती उभी लाकडी पट्टी) किंवा जुन्या तारेपाशी होतो. इथल्या हवेत लाकडाचे वाद्य वर्षभर एकसारखे राहत नाही. त्यामुळे निगा आणि रियाज हे दोन वेगळे विषय मानू नयेत, आणि सूर हलला की आधी वाद्य तपासून मगच बोटाला दोष द्यावा, असे आमचे ठाम मत आहे. पुढील उत्तरे याच क्रमाने लिहिली आहेत.

या वयात व्हायोलिन शिकता येते का?

येते. लहान मुलाची बोटे लवकर वळतात हे खरे आहे, पण प्रौढ माणसाने भजन, नाट्यसंगीत, भावगीते वर्षानुवर्षे ऐकलेली असतात आणि त्याच्या कानात सूर आधीच बसलेले असतात. व्हायोलिनवर पडदे नसल्यामुळे बोट कुठे ठेवायचे हे कानच सांगतो, आणि तिथे ही जुनी शिदोरी उपयोगी पडते. गती मात्र उशिरा येते, तिची घाई करू नये.

नवे व्हायोलिन घरी आल्यावर पहिल्या दिवशी काय पाहावे?

प्रौढ व्यक्तीने पूर्ण आकाराचे, म्हणजे सुमारे ३५५ मिलिमीटर लांबीच्या पोटाचे (मधल्या पोकळ भागाचे) व्हायोलिन घ्यावे. फारच लहान चणीच्या व्यक्तीला तीन-चतुर्थांश आकार सोयीचा पडू शकतो. उत्तर प्रदेशातील रामपूर येथे बनलेली आणि चीनमधून आलेली अशी दोन्ही प्रकारची वाद्ये आपल्याकडच्या दुकानांत दिसतात. दोन्हींत चांगली-वाईट असतातच, म्हणून नावापेक्षा जुळणी पाहावी.

कुरिअरने आलेल्या वाद्यात घोडी बहुधा आडवी करून ठेवलेली असते. ती उभी करण्यापूर्वी पोटावरच्या लांबट छिद्रांतून आत डोकावून पाहावे. पातळ तारेच्या बाजूला, घोडीच्या पायाच्या किंचित मागे एक बारीक लाकडी खांब उभा दिसला पाहिजे. त्याला साउंडपोस्ट म्हणतात. तो चिकटवलेला नसतो, केवळ दाबाने उभा असतो, आणि प्रवासात पडला असेल तर तारा ताणू नयेत, कारण आधार नसलेले वरचे पाट घोडीच्या भाराने खचू शकते. त्यानंतर बोटाच्या पेराने वाद्याच्या कडेकडेने हलक्या टिचक्या माराव्यात. सगळीकडे भरीव आवाज येत असताना एखाद्या ठिकाणी फटफट असा मोकळा आवाज आला, तर तिथला सांधा सुटलेला आहे असे समजावे.

तारा कोणत्या सुरांत मिळवाव्यात?

कारखान्यातील तारा पाश्चात्त्य पद्धतीसाठी बनवलेल्या असतात. जाड तारेपासून पातळ तारेपर्यंत त्यांचे सूर, आपल्या हार्मोनियमच्या भाषेत, पांढरी ५ (म्हणजे पाचवी पांढरी पट्टी), पांढरी २, पांढरी ६ आणि पांढरी ३ असे असतात. पाश्चात्त्य पद्धतीने शिकणाऱ्यांनी हेच सूर ठेवावेत.

हिंदुस्थानी संगीत शिकणाऱ्यांना सा आणि प यांच्या जोड्या हव्या असतात. नवशिक्यासाठी सर्वांत निर्धोक मार्ग असा, की सा पांढरी ५ धरावा. तारा पातळ बाजूने मोजतात; जाड तार आणि तिसरी तार आहे तशीच राहते, दुसरी तार पांढरी ६ वरून पांढरी ५ वर आणि पहिली पातळ तार पांढरी ३ वरून पांढरी २ वर उतरवावी. म्हणजे जाडीकडून पातळीकडे मंद्र (खालच्या सप्तकातला) सा, मंद्र प, मध्य (मधल्या सप्तकातला) सा, मध्य प अशी जुळणी होते. इथे एकही तार चढवावी लागत नाही, त्यामुळे तुटण्याचे भय नाही. पुढील सर्व उत्तरांत हीच जुळणी गृहीत धरली आहे.

काही गुरू प–सा–प–सा अशी जुळणी शिकवतात. पुरुष गायकाच्या काळी १ ला साथ करायची झाल्यास ती सोयीची पडते. त्यासाठी जाड तार अर्धा सूर चढवावी लागते, मधल्या दोन तारा अर्धा सूर उतरतात आणि पातळ तार दीड सूर उतरते. गुरू असतील तर त्यांची जुळणी निमूटपणे स्वीकारावी. दोन जुळण्यांच्या मध्ये घुटमळणाऱ्या विद्यार्थ्याची बोटे कुठेच बसत नाहीत.

उन्हाळ्यात खुंट्या सटकतात आणि पावसाळ्यात त्या हलतच नाहीत. असे का होते?

खुंटी आणि तिचे भोक ही दोन्ही लाकडाची असून निमुळती असतात आणि केवळ घर्षणाने एकमेकांना धरून राहतात. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि हवा अतिशय कोरडी होते, तेव्हा लाकडातील ओलावा निघून जाऊन खुंटी आकसते. रात्री नीट मिळवलेले वाद्य सकाळी पेटी उघडताच चारही तारा ढिल्या पडलेल्या अवस्थेत दिसते ते यामुळेच. मृगाच्या सरींनंतर उलटे घडते. लाकूड फुगते आणि खुंटी भोकात घट्ट रुतून बसते.

सटकणाऱ्या खुंटीची तार पूर्ण सैल करून ती बाहेर काढावी. तिच्यावर दोन ठिकाणी चकाकणारे वळे दिसतील, कारण तिथेच ती भोकाला घासते. त्या वळ्यांवर साधा पांढरा खडू हलका फिरवावा, खुंटी परत घालून तीन-चार वेळा पुढे-मागे फिरवावी आणि मगच तार गुंडाळावी. तार गुंडाळताना शेवटचे वेढे खुंटीपेटीच्या भिंतीकडे सरकत जातील असे पाहावे, म्हणजे तारेचा ताणच खुंटीला आत ओढून धरतो. रुतलेल्या खुंटीला याच वळ्यांवर कोरडा साबण किंवा पेन्सिलीचे शिसे चोळावे. बाजारात यासाठी खास पेस्ट मिळते, ती अधिक चांगली. खोबरेल किंवा शिवणयंत्राचे तेल मात्र कधीही लावू नये, कारण तेल एकदा लाकडात मुरले की खुंटी पुढे कायमची सटकत राहते.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना कोणी दाखवलेली नसते. खुंटी फिरवताना ती त्याच वेळी आत दाबावी लागते. आधी किंचित खाली उतरवून मग खालून वर येत सूर गाठावा आणि सुराला पोचल्यावर दाब सोडू नये, हात क्षणभर तसाच ठेवावा. बारीक फरकासाठी तारेच्या खालच्या टोकाशी असलेले फाइन ट्यूनर, म्हणजे छोटे स्क्रू, वापरावेत. नवशिक्याने चारही तारांना ते बसवून घ्यावेत. त्यात कमीपणा नाही.

घरात कूलर चालू असतो. त्याचा वाद्यावर परिणाम होतो का?

होतो, आणि खानदेशात हा प्रश्न उन्हापेक्षाही महत्त्वाचा आहे. कूलर ओलसर हवा फेकतो. दुपारी कूलरसमोर ठेवलेले व्हायोलिन ओलावा शोषून घेते, वीज गेली की तासाभरात खोली पुन्हा कोरडी पडते, संध्याकाळी कूलर पुन्हा सुरू होतो. लाकडाला नुसती उष्णता किंवा नुसती ओल तितकी बाधत नाही, जितकी ही रोजची ओढाताण बाधते. वाद्याचे सांधे जनावरांच्या कातड्यापासून केलेल्या सरसाने जोडलेले असतात. हा सरस उष्णतेने आणि ओलाव्याने मऊ होतो. तो मुद्दाम लाकडापेक्षा कमकुवत ठेवलेला असतो, म्हणजे ताण आला की पाट चिरण्याऐवजी सांधा सुटतो. सुटलेला सांधा पुन्हा जोडता येतो, चिरलेले पाट पूर्ववत करणे अवघड असते.

म्हणून वाजवायचे असेल तर कूलरच्या झोतापासून दूर, शक्यतो दुसऱ्या खोलीत बसावे आणि वाजवून झाल्यावर वाद्य लगेच पेटीत ठेवून पेटी बंद करावी. पत्र्याच्या छपराखालची माडी, पश्चिमेकडची भिंत, खिडकीची कड आणि कपाटाचा सर्वांत वरचा फळा या जागा टाळाव्यात. जाड भिंतींच्या जुन्या धाब्याच्या घरातील मधली खोली यासाठी फार उत्तम असते. पेटीत एक छोटा आर्द्रतामापक ठेवल्यास अंदाजाने चालावे लागत नाही. ४० ते ६० टक्के आर्द्रता वाद्याला मानवते. मे महिन्यात आकडा फार खाली गेला तर पेटीत ठेवण्यासाठी मिळणारी ओलावा देणारी नळी वापरावी, आणि श्रावणात तो वर गेला की सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. ओले फडके पेटीत ठेवण्याचा घरगुती उपाय करू नये, कारण पाणी वाद्याला लागले की रोगणावर पांढरे डाग पडतात.

घोडी पुढे झुकलेली दिसते. ती आपोआप सरळ होईल का?

नाही, उलट ती आणखी झुकेल. तार दर वेळी खुंटीकडून ताणली जाते आणि घोडीच्या माथ्याला थोडे थोडे फिंगरबोर्डकडे, म्हणजे बोटे ठेवण्याच्या पट्टीकडे, ओढते. दर आठवड्याला वाद्य डोळ्यांच्या पातळीवर धरून बाजूने पाहावे. घोडीची मागची, म्हणजे तारा अडकवलेल्या टेलपीसकडची बाजू पोटाशी काटकोनात असावी आणि तिचे दोन्ही पाय पोटावर संपूर्ण टेकलेले असावेत. छिद्रांच्या आतल्या कडेला दोन बारीक खाचा असतात, त्यांच्या रेषेत घोडी उभी असते.

सरळ करण्यासाठी वाद्य मांडीवर ठेवावे, तारा किंचित सैल कराव्यात, दोन्ही हातांची बोटे घोडीच्या दोन्ही बाजूंनी लावून माथा अगदी थोडा मागे घ्यावा. घोडीवरच्या आणि वरच्या टोकाच्या खाचांत मऊ पेन्सिलीचे शिसे भरल्यास तार सहज सरकते आणि हा त्रास कमी होतो. घोडीला गोंद लावणारे लोक आम्ही पाहिले आहेत. तसे कधीही करू नये.

रोझिन किती लावावे आणि गजाची काळजी कशी घ्यावी?

रोझिन म्हणजे चीड जातीच्या झाडांच्या चिकापासून केलेली राळ. गजाला, म्हणजे तारांवरून ओढायच्या धनुष्याला, घोड्याच्या शेपटीचे केस असतात. राळेशिवाय ते तारेवर नुसते घसरतात आणि आवाजच निघत नाही, त्यामुळे नवा गज घेतलेले कित्येक जण वाद्य बिघडले आहे असे समजतात. नव्या केसांना सुरुवातीला भरपूर रोझिन लागते आणि नव्या गुळगुळीत वडीवर आधी बारीक पॉलिश कागद फिरवावा लागतो. त्यानंतर रोजच्या वादनाला टोकापासून मुठीपर्यंत तीन-चार हात पुरेसे असतात. वाजवताना तारेवरून पांढरी धूळ उडत असेल तर रोझिन जास्त झाले आहे. उन्हात राहिलेली वडी मऊ होऊन पसरते, म्हणून ती पेटीच्या कप्प्यातच ठेवावी.

वाजवण्यापूर्वी गज इतकाच ताणावा की मध्यभागी काडी आणि केस यांच्यात पेन्सिल जाईल एवढे अंतर राहील, आणि वाजवून झाल्यावर तो न चुकता सैल करावा. कोरड्या हवेत घोड्याचे केस आखडतात. ताणलेला गज मे महिन्यात पेटीत तसाच राहिला तर काडीचा बाक कायमचा बिघडतो, कधी टोकच तुटते. केसांना बोट लावू नये. आपल्याकडे डोक्याला तेल लावण्याची सवय आहे, तोच हात केसांवरून फिरला तर तेवढा पट्टा मुका होतो. रियाजाआधी हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करण्याची सवय लावून घ्यावी. नियमित वाजवणाऱ्याने वर्षातून एकदा केस बदलून घेणे योग्य.

वाद्य कशाने पुसावे?

धुऊन मऊ झालेल्या सुती कापडाने, उदाहरणार्थ जुन्या धोतराच्या किंवा मलमलीच्या तुकड्याने, कोरडेच पुसावे. एक फडके तारांसाठी आणि दुसरे लाकडासाठी ठेवावे, नाहीतर तारांवरची राळ रोगणावर पसरते. स्पिरिट, सॅनिटायझर, अत्तर आणि फर्निचरचे पॉलिश वाद्यापासून दूर ठेवावे. मद्यार्काने रोगण विरघळते, आणि सॅनिटायझर लावलेला ओला हात पोटावर टेकला तरी ठसा उमटतो.

तारा कधी बदलाव्यात? कोणत्या घ्याव्यात?

रोज अर्धा-पाऊण तास वाजवणाऱ्याच्या तारा साधारण आठ महिने ते वर्षभर चालतात. पातळ तार त्याआधीच जाते. तारेवरचे वेष्टण उसवणे, बोटे पडतात तिथे काळपट खड्डे दिसणे, मोकळी (बोट न दाबलेली) तार बरोबर लागूनही बोटांचे सूर बेसूर येणे ही तार संपल्याची लक्षणे आहेत. शेवटचे लक्षण फसवे आहे. तार ठिकठिकाणी झिजली की तिची जाडी सारखी राहत नाही, आणि मग काल बरोबर असलेली जागा आज चुकते. अशा तारेवर महिनोन्‌महिने पलटे (सुरांचे ठरलेले क्रम) घोटणारा माणूस स्वतःचा कान बिघडवून घेत असतो.

पोलादी गाभ्याच्या तारा, उदाहरणार्थ डी’अ‍ॅडारिओची प्रिल्यूड, हवामानातील बदलांना फारशा हलत नाहीत, म्हणून इथल्या नवशिक्याला आम्ही त्याच सुचवतो. कृत्रिम धाग्याच्या गाभ्याच्या तारा, जशी थोमास्टिकची डॉमिनंट, अधिक गोड बोलतात, पण त्या बसायला काही दिवस घेतात आणि महागही असतात. कोणतीही तार घेतली तरी एका वेळी एकच बदलावी. चारही तारा एकदम काढल्या की घोडी पडते आणि बरेचदा आतला साउंडपोस्टही.

मोठी दुरुस्ती निघाली तर काय करावे?

साउंडपोस्ट बसवणे, सुटलेला सांधा जोडणे, नवी घोडी कोरणे, गजाचे केस बदलणे ही कामे घरी करू नयेत. व्हायोलिनचे जाणते कारागीर पुणे-मुंबईकडे अधिक आहेत. पेटी-तबला दुरुस्त करणारा गावातला कारागीर कितीही कुशल असला तरी व्हायोलिनचा सांधा त्याने पूर्वी जोडला आहे का, हे आधी विचारावे. घाईत फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद लावलेला सांधा पुढे उघडायचा झाल्यास लाकूड सोलून निघते. कारागिराकडे जाणे होईपर्यंत तारा थोड्या सैल करून वाद्य पेटीत ठेवावे, एवढे पुरे.

फिंगरबोर्डवर पट्ट्या चिकटवाव्यात का?

पहिले काही महिने चिकटवायला हरकत नाही, मात्र त्या अंदाजाने न लावता मोजून लावाव्यात. पूर्ण आकाराच्या व्हायोलिनवर वरच्या टोकाच्या खाचेपासून घोडीपर्यंत तारेची लांबी साधारण ३२८ मिलिमीटर असते. आपल्या वाद्यावर ती आधी मोजावी. मग गणित सोपे आहे. मोकळ्या तारेला सा मानले तर शुद्ध मध्यम तारेच्या एक-चतुर्थांशावर, म्हणजे वरून ८२ मिलिमीटरवर येतो, पंचम एक-तृतीयांशावर, म्हणजे सुमारे १०९ मिलिमीटरवर, शुद्ध गंधार एक-पंचमांशावर, म्हणजे सुमारे ६५.५ वर, आणि शुद्ध ऋषभ एक-नवमांशावर, म्हणजे सुमारे ३६.५ वर. कोमल गंधार एक-षष्ठांशावर, साधारण ५४.५ मिलिमीटरवर पडतो. दाबलेली तार किंचित ताणली जाते, त्यामुळे शेवटचा निर्णय कानानेच घ्यावा.

पट्ट्या रे आणि म या दोनच ठिकाणी लावाव्यात असे आमचे मत आहे. गंधार त्या दोहोंच्या आधाराने कानाने शोधावा. सगळ्याच जागा दाखवून दिल्या की नजर फिंगरबोर्डवरून हटत नाही आणि कान रिकामा बसतो.

सरगमचा रियाज कोणत्या थाटापासून सुरू करावा?

थाट म्हणजे सात सुरांचा ठरलेला संच. सुरुवात बिलावलपासून करावी, आणि त्यामागे सवयीपलीकडचे कारण आहे. सा–प जुळणीत मोकळ्या तारेवर सा, पहिल्या बोटाने (तर्जनीने) रे, दुसऱ्याने ग, तिसऱ्याने म वाजतो. मग पुढच्या तारेवर मोकळा प, पहिल्याने ध, दुसऱ्याने नि, तिसऱ्याने वरचा सा. बिलावलात सा-रे-ग-म मधली अंतरे आणि प-ध-नि-सा मधली अंतरे सारखीच आहेत, म्हणून हाताचा साचा एकच राहतो. पहिले आणि दुसरे बोट एकमेकांपासून दूर, दुसरे आणि तिसरे चिकटून. एका तारेवर हात बसला की सप्तक पूर्ण होते.

दहा थाटांपैकी आणखी तीन थाट असेच आहेत. काफीत ग आणि नि दोन्ही कोमल असल्यामुळे दोन्ही तारांवर पहिले आणि दुसरे बोट जवळ येते. भैरवात रे आणि ध कोमल असल्यामुळे पहिले बोट दोन्हीकडे मागे सरकते आणि दुसऱ्या बोटाला लांब ताणावे लागते. भैरवीत रे, ग, ध, नि चारही कोमल असल्यामुळे दोन्ही बोटे दोन्ही तारांवर मागे येतात. प्रौढ नवशिक्याने बिलावल, काफी, भैरवी आणि भैरव या क्रमाने हे चार साचे आधी पक्के करावेत. भैरव शेवटी, कारण त्यातला ताण आखडलेल्या हाताला जड जातो. त्यानंतर खमाज घ्यावा, ज्यात खालचा अर्धा भाग बिलावलचा आणि वरचा काफीचा आहे. मग आसावरी, ज्यात खालचा काफीचा आणि वरचा भैरवीचा आहे. ज्याला चार साचे येतात त्याला हे दोन्ही थाट जवळजवळ फुकट मिळतात. कल्याणचा तीव्र मध्यम तिसऱ्या बोटाला पुढे ढकलतो, तो त्यानंतर घ्यावा. पूर्वी, मारवा आणि तोडी यांची पहिल्या वर्षात घाई नको.

प्रत्येक थाटात आधी सरळ आरोह-अवरोह, मग ‘सारेग, रेगम, गमप’ आणि ‘सारेगम, रेगमप’ असे पलटे घ्यावेत. वरच्या सुरावर जाताना खालची बोटे उचलू नयेत, ती तारेवरच ठेवावीत, म्हणजे उतरताना जागा शोधावी लागत नाही. बोटे जाड असतील तर चिकटून येणाऱ्या दोन सुरांपैकी मागचे बोट किंचित हलवून पुढच्याला जागा द्यावी. शेतीची किंवा यंत्रावरची कामे केलेल्या हातांनाही ही अडचण सुटते, फक्त नखे कापलेली असली पाहिजेत.

सूर बरोबर लागला हे ट्यूनरवर पाहावे की तानपुऱ्यावर?

मोकळ्या तारा मिळवण्यासाठी ट्यूनर वापरावा, सरगम मात्र तानपुऱ्यावरच करावी. मोबाइलमधला तानपुराही चालतो. मोबाइलमधील ट्यूनर सप्तकाचे बारा सारखे भाग करून काटा दाखवतो. तानपुऱ्याशी एकजीव होणारा शुद्ध गंधार त्या काट्यापेक्षा सुमारे १४ सेंट, म्हणजे अर्ध्या सुराच्या सातव्या भागाएवढा, खाली असतो. कानाला गोड लागलेला गंधार काट्याला ‘उतरलेला’ वाटतो, आणि विद्यार्थी बरोबर जागेवरचे बोट उचलून चुकीच्या जागी ठेवतो.

वाद्य स्वतःही साक्ष देते. तिसऱ्या तारेवर तिसऱ्या बोटाने मध्य सा वाजवावा. तो दुसऱ्या मोकळ्या तारेच्या सुराइतकाच असतो. दुसऱ्या तारेवर कागदाचा नखाएवढा कपटा मध्यावर दुमडून घोड्यावर बसवल्यासारखा ठेवावा आणि वाजवताना बोट केसभर मागे-पुढे करावे. बोट चुकीच्या जागी असताना कपटा निश्चल राहतो, आणि सूर नेमका जुळताच थरथरून सरकतो, कधी खाली पडतो. त्याच क्षणी आवाजही उजळतो. हा प्रयोग रोज दोन मिनिटे करावा, कारण तो उजळलेला आवाज एकदा ओळखीचा झाला की कान तो इतर सुरांतही शोधू लागतो.

गज ओढताना कर्कश आवाज येतो. काय चुकते?

बहुधा तीनपैकी एक. गज घोडीला समांतर न राहता तिरका जातो, तो फार जोराने दाबला जातो, किंवा तो घोडीच्या अगदी जवळ सरकतो. आरशासमोर बसून घोडी आणि फिंगरबोर्डचे टोक यांच्या मधोमध गज चालवावा. मेट्रोनोम (ठेका देणारे यंत्र) ६० वर ठेवून मोकळ्या तारेवर चार मात्रांचा एक गज, मग आठ मात्रांचा एक गज, असे रोज सुरुवातीला करावे. बोटांच्या सरगमपूर्वी हा भाग वगळणारा विद्यार्थी पुढे सहा महिन्यांनी इथेच परत येतो. शेजाऱ्यांची अडचण असल्यास घोडीवर बसणारा, आवाज दबवणारा रबरी म्यूट लावावा.

रोज किती वेळ आणि केव्हा वाजवावे?

रविवारी तीन तास बसण्यापेक्षा रोज पंचवीस मिनिटे बसणे अधिक हिताचे आहे. पाच मिनिटे वाद्य मिळवणे आणि मोकळ्या तारा, दहा मिनिटे एकच थाट संथ लयीत, पाच मिनिटे पलटे, आणि उरलेला वेळ एखादी ओळखीची चाल. ही चाल घरातलीच घ्यावी. कानबाईच्या गाण्यांपैकी जिचा पल्ला चार-पाच सुरांत मावतो अशी कोणतीही चालेल, कारण तोंडात बसलेली चाल चुकली की लगेच कळते. उन्हाळ्यात पहाटेची वेळ धरावी. हात घामाने ओले होत नाहीत आणि खुंट्याही शांत असतात.

बसून वाजवावे की उभे राहून? मान आणि खांदा दुखतो.

हिंदुस्थानी पद्धतीत मांडी घालून, उजवा पाय किंचित पुढे घेऊन त्याच्या घोट्याजवळ व्हायोलिनचे डोके टेकवतात. त्यामुळे डाव्या हातावरचा भार हलका होतो. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर बसावे, त्यासाठी खांद्याखाली लावण्याचा आधार घ्यावा आणि हनुवटीने वाद्य चिमटून धरू नये. स्नायूंचा थकवा विश्रांतीने जातो. बोटांना मुंग्या येणे, बधिरता किंवा तीव्र कळ ही लक्षणे असतील तर वादन थांबवून डॉक्टरांना दाखवावे.

परीक्षा द्यावी का?

अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण या परीक्षा व्हायोलिनसाठीही देता येतात. अभ्यासाला शिस्त हवी असेल तर जरूर द्यावी. मात्र मंडळाच्या अभ्यासक्रमापेक्षा मोठी शिकवण ऐकण्यात आहे. गजाननराव जोशी, वि. गो. जोग, दा. के. दातार आणि एन. राजम या व्हायोलिनवादकांचे वादन ऐकताना त्यांचा गज कुठे वळतो आणि मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर सरकत जाणे) कुठून निघते इकडे लक्ष द्यावे.

एसटीने, रेल्वेने किंवा दुचाकीवरून वाद्य कसे न्यावे?

कडक पेटीतच न्यावे. उभ्या गाडीत, विशेषतः डिकीत, वाद्य ठेवू नये. मे महिन्यात बंद गाडीच्या आतली उष्णता सरस सोडवायला पुरेशी असते. एसटीत पेटी टपावर किंवा डिकीत न देता मांडीवर घ्यावी आणि रेल्वेत वरच्या फळीवर आडवी ठेवावी. प्रवासानंतर पेटी लगेच उघडू नये, वाद्याला खोलीच्या हवेशी जुळवून घ्यायला अर्धा तास द्यावा.

कापूस वेचणीच्या किंवा लग्नसराईच्या दिवसांत वाद्य महिनाभर बंद राहते. तेव्हा काय करावे?

तारा एखाद-दुसरा सूर उतरवाव्यात, पूर्ण सैल करू नयेत, कारण घोडी आणि साउंडपोस्ट त्यांच्याच दाबावर उभे असतात. गज सैल करावा. बंद अंधाऱ्या पेटीत बारीक किडे गजाचे केस कुरतडतात आणि पेटी उघडल्यावर केस एका बाजूने तुटून लोंबताना दिसतात. म्हणून दर आठवड्याला पेटी उघडून तिचे अस्तर झटकावे, आणि केस तुटलेले आढळले तर वाद्य व गज बाहेर काढून रिकाम्या पेटीला दिवसभर ऊन द्यावे. डांबरगोळ्या ठेवायच्याच असतील तर पुरचुंडीत बांधून पेटीबाहेर कपाटात ठेवाव्यात, रोगणाला त्यांचा स्पर्श होऊ देऊ नये. पुन्हा सुरुवात करताना तारा एका बैठकीत पूर्ण न चढवता दोन दिवसांत चढवाव्यात, प्रत्येक वेळी घोडी सरळ आहे ना ते पाहावे आणि पहिले दोन दिवस केवळ मोकळ्या तारा व बिलावलचा आरोह-अवरोह वाजवावा.